घरच्या घरी गाडीची बॉडी लाइन सरळ कशी आणायची

दुरुस्त करून रंगवलेल्या गाडीच्या एका टोकाला उकिडवं बसा आणि डोळा दारावरच्या रेघेच्या पातळीला आणून पाहा. काम कसं झालंय ते तिथून लगेच कळतं. रंगाची छटा तंतोतंत जुळलेली असू दे, चकाकी उत्तम असू दे. फेंडरपासून (पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून) मागच्या दिव्यापर्यंत जाणारा कंगोरा, म्हणजेच बॉडी लाइन, मधेच वर उचलला गेला असेल, कुठे टोकदार तर कुठे बोथट असेल, तर नजर तिथेच अडखळते. घरी काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळते ती हीच गोष्ट. पोचा निघतो, पुट्टी बसते, रंगही बरा येतो, रेघ मात्र वाकडी राहते.

कारण बहुतेक वेळा एकच असतं. माणूस थेट रेघेवर काम करायला जातो. कंगोऱ्याभोवती पुट्टी थापतो, बोटांत सँडपेपर धरून तेवढीच जागा घासत बसतो, आणि घासावं तितकी ती बिघडत जाते. रेघ म्हणजे वरचा पृष्ठभाग आणि खालचा पृष्ठभाग जिथे एकमेकांना मिळतात ती जागा. दोन्ही पृष्ठभाग बरोबर आले की ती आपसूक जागेवर येते. त्यातला एक जरी चुकला असेल, तर कंगोऱ्यावर कितीही मेहनत घेतली तरी उपयोग नाही. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे.

यामागचं गणित समजून घेतलं तर हाताला आपोआप शिस्त लागते. बाहेर आलेल्या कंगोऱ्याच्या वरची बाजू जास्त घासली गेली तर रेघ खाली सरकते, खालची बाजू जास्त घासली गेली तर वर चढते. किती सरकेल हे दोन पृष्ठभागांमधल्या वळणावर ठरतं. वळण ३० अंशांचं असेल तर एका बाजूची अर्ध्या मिलिमीटरची चूक रेघेला १ मिमी हलवते. वळण फक्त १० अंशांचं असेल तर तेवढीच चूक रेघेला जवळजवळ ३ मिमी हलवते. म्हणून ठसठशीत, धारदार दिसणाऱ्या रेघेपेक्षा मंद, उथळ रेघ सरळ आणणं कितीतरी अवघड असतं. पहिलंच काम असेल तर शक्यतो ठळक रेघ असलेलं पॅनल निवडा.

घरी कोणतं काम घ्यायचं

दार, फेंडर, बॉनेट, डिकीचं झाकण यांच्या बाहेरच्या पत्र्यावरचा पोचा घरी करता येतो. खांब, दाराखालचा उंबरा, चासीचा भाग किंवा जिथे आतली रचना दबली आहे अशा ठिकाणी हात घालू नका. नव्या गाड्यांच्या आतल्या भागांत अतिशय कठीण पोलाद वापरलेलं असतं. ते ठोकून किंवा तापवून सरळ केलं तर त्याची ताकद जाते, आणि पुढच्या धडकेत माणसांना वाचवायचं काम त्याच पोलादाचं असतं. सुरुवात करायच्या आधी पॅनलवर लोहचुंबक लावून पाहा. चुंबक चिकटला नाही तर पत्रा ॲल्युमिनियमचा असू शकतो किंवा ते प्लॅस्टिकचं पॅनल असू शकतं. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा वेगळं वागतं, लवकर ताणलं जातं आणि तडकतं. ते पहिल्या कामासाठी नको. बंपरच्या मागे रडार असेल तर त्याच्या समोरच्या भागावर पुट्टीचा थर देऊ नका, कारण जाड थरातून रडारचं मोजमाप बिघडतं.

सामान

यादी मोठी नाही, पण एका वस्तूत काटकसर चालत नाही: लांब ब्लॉक. सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचा, न वाकणारा, सपाट तळाचा एक ब्लॉक आणि १५ ते २० सेंटिमीटरचा एक छोटा ब्लॉक हवाच. पॅनल गोलसर असेल तर थोडा वाकणारा लांब ब्लॉकही लागेल. ब्लॉक जितका लांब तितका तो उंचवट्यांवर टेकतो आणि खोलगट भागावरून तरंगत जातो, म्हणजे जे कापायला हवं तेच कापतो. खड्ड्यापेक्षा लहान ब्लॉक खड्ड्यात उतरतो आणि त्याचाच आकार घासून पक्का करतो. पॅनलवर बसेल तो सगळ्यात लांब ब्लॉक वापरायचा, हा नियम मी कधीच मोडत नाही.

बाकी सामान असं: ८०, १५० किंवा १८०, ३२० आणि ५०० नंबरचे पेपर, पॉलिएस्टर पुट्टी आणि तिला कडक करणारा हार्डनर, पुट्टीच्या दोन-तीन रुंद पत्त्या, डेंटिंगचा हातोडा आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी, गाइड कोट (घासताना उंच-सखल दाखवणारी काळी पावडर किंवा स्प्रे), लांब एलईडी ट्यूब किंवा टॉर्च, धुळीसाठी एन-९५ दर्जाचा मास्क, चष्मा आणि हातमोजे. टेप दोन प्रकारची घ्या. साधी कागदी मास्किंग टेप झाकायला, आणि ३ किंवा ६ मिमी रुंदीची प्लॅस्टिकची फाइनलाइन टेप रेघेसाठी. कागदी टेपची कड बारकाईने पाहिली तर किंचित दातेरी असते आणि ओढताना टेप फाटते. प्लॅस्टिकची टेप ताणून लावली की स्वच्छ कड देते.

गोल फिरणारा सँडर जुना रंग काढायला चांगला, पण पुट्टीला आकार द्यायला तो हातात घेऊ नका. त्याची छोटी तबकडी पृष्ठभागावर उथळ लाटा पाडते आणि त्या रंग मारल्यावरच दिसतात.

आधी पॅनल जागेवर आणा

दार बिजागरीवर लोंबत असेल तर दाराची रेघ फेंडरच्या रेघेशी जुळणार नाही, आणि ती जुळवण्यासाठी पुट्टी भरणं म्हणजे चुकीच्या जागी बरोबर काम करणं. म्हणून पत्र्याला हात लावण्याआधी पॅनलांमधल्या फटी पाहा. गाडी चारही चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असू द्या. जॅकवर उचललेल्या गाडीची बॉडी किंचित पिळली जाते आणि फटी बदलतात.

मागचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) वेल्डिंगने जोडलेला असतो, तो हलत नाही. त्यामुळे जुळणी मागून पुढे करत यायची: आधी मागचं दार क्वार्टर पॅनलशी, मग पुढचं दार मागच्या दाराशी, मग फेंडर, शेवटी बॉनेट. बिजागरीचे बोल्ट किंचित सैल करून दार वर-खाली आणि आत-बाहेर बसवता येतं. दाराची मागची कड आत-बाहेर घ्यायची असेल तर स्ट्रायकर (दाराचं लॉक ज्यात अडकतं तो खांबावरचा हुक) हलवा. दार बंद करताना ते स्ट्रायकरवर चढून वर उचललं जात असेल तर आधी स्ट्रायकर काढून ठेवा, बिजागरी जुळवा, मग स्ट्रायकर परत लावा. फट दोन्ही टोकांना सारखी आणि रेघा एकमेकींसमोर आल्या की पुढे चला. ही पायरी कंटाळवाणी वाटते खरी, पण इथे घालवलेला अर्धा दिवस पुढे पुट्टीचे कित्येक थर वाचवतो.

रेघ खरी कुठे होती

दुरुस्त करायची रेघ डोळ्यांनी अंदाजाने ठरवू नका. गाडीच्या दुसऱ्या बाजूला तीच रेघ शाबूत असते, तिचा पुरेपूर उपयोग करा. दाराच्या खालच्या कडेपासून रेघेची उंची चार-पाच ठिकाणी मोजून लिहून ठेवा. मग जाड पुठ्ठ्याचा तुकडा शाबूत बाजूवर रेघेला आडवा, म्हणजे वरून खाली असा उभा धरा आणि पॅनलच्या आकाराप्रमाणे कापत-कापत तो फटीशिवाय बसेल असा करा. हाच साचा, वरचं टोक वरच ठेवून, फिरवून दुखावलेल्या बाजूला त्याच ठिकाणी लावला की कुठे किती कमी-जास्त आहे ते दिसतं. असे तीन साचे करा: पोच्याच्या मधोमध येणारा एक आणि दोन्ही कडांचे दोन. प्रत्येकावर जागा लिहा.

आता रेघ आखायची. पोच्याच्या दोन्ही बाजूंना जिथे मूळ कंगोरा धडधाकट आहे, तिथून निदान ३० सेंटिमीटर अलीकडे फाइनलाइन टेपचं टोक चिकटवा. रीळ दुसऱ्या हातात घेऊन टेप ताणलेली ठेवत पोच्याच्या पार पलीकडे जा, आणि पलीकडच्या शाबूत कंगोऱ्यावर आली की एकदम खाली टेकवा. मधे बोटाने दाबत-दाबत जाऊ नका, दर वेळी बोट टेप किंचित वळवतं. लावून झाली की मागे सरका, वाका, दोन्ही टोकांकडून पाहा. मनासारखी नसेल तर उचलून पुन्हा लावा. इथे घाई करण्यात काहीच अर्थ नाही.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. बॉडी लाइन म्हणतो आपण सरळ, पण बहुतेक गाड्यांवर ती पट्टीने ओढल्यासारखी सरळ नसते. तिला लांबीभर हलकासा बाक असतो. मीटरची पट्टी लावून ती सपाट करायला गेलात तर रेघ गणिताने सरळ होईल आणि डोळ्याला मात्र मधे दबलेली दिसेल. पट्टी खड्डे आणि उंचवटे शोधायला वापरा. खरा निकाल शाबूत बाजूच्या तुलनेतच लागतो.

पत्रा

पुट्टीने आकार घडवायचा नसतो, पत्र्याने घडवायचा असतो. बाहेरच्या पॅनलचा पत्रा बऱ्याच आधुनिक गाड्यांत ०.७ ते ०.८ मिमीच्या आसपास असतो, त्यामुळे जोरात ठोकलेला एकच घाव त्याला ताणून टाकतो. दाराच्या आतलं कव्हर काढा, काच वर चढवा, वायरी बाजूला करा, आणि मागून हात कुठवर पोचतो ते पाहा.

पोचा पडताना पत्रा ज्या क्रमाने दबला, त्याच्या उलट क्रमाने तो बाहेर यायला हवा. थेट मार बसलेली खोल जागा पहिल्यांदा दबली, तिच्याभोवतीचे कडक उंचवटे नंतर तयार झाले. म्हणून कडेच्या उंचवट्यांपासून सुरुवात करा. मागून डॉली खोलगट भागाला दाबून धरा आणि बाहेरून शेजारच्या उंचवट्यावर हातोड्याचे हलके, जवळजवळचे घाव घाला. उंचवटा खाली बसतो तसा खड्डा आपणहून वर येऊ लागतो. डॉलीच्या नेमकं वर ठोकण्याची पद्धत शेवटच्या बारीक सपाटीसाठी राखून ठेवा, कारण तिने पत्रा हातोडा आणि डॉलीमध्ये चेपला जाऊन ताणतो.

दबलेला कंगोरा परत आणायला रुंद, बोथट धारेची छिन्नी आतून रेघेच्या नेमक्या मागे टेकवा आणि हलके घाव घालत रेघेच्या लांबीभर सरकत जा. एकाच जागी उचलू नका. एका फेरीत थोडं, पुन्हा पहिल्यापासून थोडं, असं करत पूर्ण रेघ एकत्र वर आणा. मागून हात पोचत नसेल तर बाहेरून वॉशर किंवा खिळे स्पॉट-वेल्ड करून ओढण्याची पद्धत आहे. तिच्यासाठी जोडणीच्या जागेचा रंग पूर्ण काढावा लागतो, आणि वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढून ठेवणं आवश्यक आहे.

पत्रा कुठवर आणायचा? मूळ पृष्ठभागापेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली असलेला चालतो, एकही उंचवटा मात्र चालत नाही. उंचवटा राहिला तर त्याला झाकण्यासाठी आजूबाजूचं सगळं पॅनल पुट्टीने उचलावं लागतं आणि रेघ जागा सोडते. उंचवटा घासून काढायचा मोह टाळा, पत्रा पातळ होतो. हातोड्याने तो खाली बसवा. दाबल्यावर टक्क आवाज करत आत-बाहेर होणारी जागा म्हणजे तिथला पत्रा ताणलेला आहे. तो आकसून घ्यायला उष्णता आणि सराव लागतो. अशा जागेवर पुट्टी भरलीत तर ती काही महिन्यांत तडकू शकते, म्हणून तेवढ्यापुरती जाणकाराची मदत घेतलेली बरी.

पुट्टी: एका वेळी एकच बाजू

खरी मजा इथे आहे, आणि बहुतेक रेघा इथेच बिघडतात.

पुट्टी बसायच्या जागेचा रंग ८० नंबरने काढा, कडेचा रंग उतरता करत न्या, आणि तेल-मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसा. गंजरोधक ॲसिड प्रायमरवर पॉलिएस्टर पुट्टी लावू नका, ती नीट धरत नाही. घासलेला कोरा पत्रा किंवा पूर्ण वाळून घासलेला इपॉक्सी प्रायमर या दोन जागा तिच्यासाठी योग्य. गाडी खूप जुनी असेल तर मूळ रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडा रंग घासताना मास्क काढू नका आणि धूळ झाडूने उडवू नका.

हार्डनर साधारण पुट्टीच्या वजनाच्या २ टक्के, नक्की प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. जास्त घातला तर पुट्टी लवकर कडक होते आणि नंतर रंगाला डागही पडू शकतो. कमी पडला तर ती चिकट राहते. फेटू नका, फेटल्याने हवा शिरते आणि बारीक छिद्रं पडतात. पत्तीने दाबत-पसरत, एकही रेषा वेगळ्या रंगाची दिसणार नाही तोवर मिसळा. साधारण २० ते २५ अंश सेल्सियसला हाती चार-पाच मिनिटंच असतात, म्हणून एका वेळी लागेल तेवढीच करा.

आता पद्धत. समजा, वरचा पृष्ठभाग रुंद आणि सोपा आहे. तर त्याला आधी घ्या. फाइनलाइन टेप रेघेच्या खालच्या बाजूला अशी लावा की टेपची वरची कड नेमकी रेघेवर येईल. तिच्याखाली कागदी टेपचे एक-दोन पट्टे लावून खालचा भाग झाका. वरच्या बाजूला पुट्टीचा पहिला थर पातळ आणि दाबून लावा, म्हणजे ती घासलेल्या पत्र्याच्या ओरखड्यांत शिरेल. त्यावर आकाराचा थर द्या आणि पोच्याच्या कडेपलीकडे सात-आठ सेंटिमीटर न्या. पत्ती टेपवर चढू द्या. पुट्टी गार लोण्याइतकी घट्ट झाली, अजून दगड झाली नाही, तेव्हा टेप ओढून काढा. रेघेवर पुट्टीची स्वच्छ कड उभी राहते. टेप कडक पुट्टीखाली अडकू दिलीत तर कड तुटून निघते.

पंधरा-वीस मिनिटांनी ८० नंबरचा पेपर लावलेला लांब ब्लॉक घ्या. ब्लॉक पॅनलच्या लांबीला थोडा तिरका धरा, एका तिरक्या दिशेने काही हात मारा, मग विरुद्ध तिरक्या दिशेने, असं की ओरखडे एकमेकांना छेदतील. प्रत्येक हात शाबूत भागावर सुरू व्हावा आणि शाबूत भागावरच संपावा. ब्लॉकची कड रेघेच्या बाहेर गेली तर हरकत नाही, पण ब्लॉक वरच्या पृष्ठभागावर सपाट टेकलेला राहायला हवा. तो रेघेवर खाली झुकला की कंगोरा गोल झालाच म्हणून समजा.

जोर लावू नका. दाराचा मधला भाग दाबाखाली आत जातो, कडा कापल्या जातात, आणि हात उचलला की मधला भाग पुन्हा वर येतो. मग जिथे उंचवटा नव्हता तिथे उंचवटा तयार होतो. ब्लॉकचं स्वतःचं वजन आणि त्याहून थोडासा जास्त दाब पुरे. पेपर कापेनासा झाला की बदला. बोथट पेपर वापरणारा माणूस नकळत जोर वाढवतो.

वरचा पृष्ठभाग साच्याला आणि हाताला बरोबर वाटला की खालच्या बाजूकडे वळा. आता तयार झालेल्या वरच्या भागावर टेप लावायची, तिची खालची कड रेघेवर. पुन्हा शाबूत टोकापासून शाबूत टोकापर्यंत ताणून, डोळा लावून. खालच्या बाजूला पुट्टी भरा, घट्ट होताच टेप काढा, पुट्टी पूर्ण कडक झाली की त्याच जागी तशीच नवी टेप लावा आणि खालून घासायला लागा. ही दुसरी टेप तुमचा पहारेकरी आहे. खालचा पृष्ठभाग बरोबर पातळीला येतो तसा ब्लॉक टेपच्या कडेला लागू लागतो. टेपची कड लांबीभर सारखी खरवडली जात असेल तर पृष्ठभाग रेघेला मिळाला. एका जागी ती आधीच झिजली आणि शेजारी कोरी राहिली, तर झिजलेल्या जागी हात जास्त खोल गेलाय किंवा कोऱ्या जागी पुट्टी अजून उंच आहे. थांबा, हात फिरवून पाहा, मग पुढे जा.

खड्डा राहिला तर तेवढ्या टिकलीपुरती पुट्टी टाकू नका. खड्ड्याच्या बऱ्याच बाहेरपर्यंत पातळ थर द्या आणि पुन्हा लांब ब्लॉकने घासा. दोन-तीन फेऱ्या होणं अगदी स्वाभाविक आहे. शेवटी घासून उरलेला पुट्टीचा थर ३ मिमीच्या आत राहायला हवा. त्याहून जास्त लागत असेल तर पत्र्याचं काम अपुरं आहे. पुट्टी पाण्याने घासू नका, ती पाणी शोषते आणि ते पाणी खाली पत्र्यापर्यंत जाऊन गंज आणतं.

रेघ दारावरून फेंडरवर जात असेल तर दार बंद ठेवून दोन्ही पॅनलांवर एकदमच ब्लॉक चालवा, म्हणजे दोन्हीकडची रेघ एकाच हाताखाली येते. फटीत टेप भरून ठेवा. मग दार उघडून त्याच्या कडेवर जमलेली पुट्टी काढा. कडेवर जाड राहिलेली पुट्टी दार आपटताच उडते.

आत गेलेल्या, खाचेसारख्या रेघेला सपाट ब्लॉक पोचत नाही. खाचेच्या गोलाईशी जुळणाऱ्या जाडीच्या लाकडी दांड्याला किंवा कडक नळीला पेपर गुंडाळा आणि तो रेघेच्या लांबीला समांतर चालवा. तरीही क्रम तोच: आधी दोन्हीकडचे सपाट भाग, खाच सर्वांत शेवटी. काही रेघा मधेच मंद होत विरून जातात. तिथे टेप शेवटपर्यंत नेऊ नका. रेघ विरायला लागते तिथे थांबा आणि पुढचा भाग वाकणाऱ्या ब्लॉकने दोन्ही बाजूंना मिळवून घ्या.

पाहायचं कसं

डोळ्याआधी हात. तळवा पूर्ण टेकवून, बोटं जुळवून, शाबूत भागापासून दुरुस्त भागावरून पलीकडच्या शाबूत भागापर्यंत हात लांबवर फिरवा. बोटांच्या टोकांनी चाचपू नका, त्यांना खरखर कळते पण आकार कळत नाही. तळव्याखाली पातळ सुती फडकं धरलं तर खरखर नाहीशी होते आणि फक्त उंच-सखल उरतं. डोळे मिटून करा, खूप फरक पडतो.

मग उजेड. अंधाऱ्या जागेत लांब ट्यूब रेघेला समांतर धरा. पुट्टी चमकत नसल्याने त्यात प्रतिबिंब दिसत नाही, म्हणून घासलेला भाग तेल-मेण काढणाऱ्या द्रावणाने ओला करा आणि तो वाळायच्या आत ट्यूबचं प्रतिबिंब पाहा. प्रतिबिंब जिथे वाकतं तिथे पृष्ठभाग वाकडा आहे. गडद रंगाची गाडी असेल तर ही तपासणी दुप्पट काटेकोरपणे करा. काळा आणि गडद निळा रंग काहीही लपवत नाहीत, पांढरा बरंच सांभाळून घेतो.

प्रायमर आणि गाइड कोट

पुट्टी १५० किंवा १८० नंबरने घासून ८० चे ओरखडे काढा. मग जाड थराच्या प्रायमर-सरफेसरचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हातानंतर डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या प्रायमरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवारताना श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि त्याचा वास येत नाही म्हणून हवा स्वच्छ आहे असं मुळीच नाही. धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर टू-के फवारू नका. हार्डनर न लागणारा वन-के प्रायमर वापरा, त्यालाही वाफेचा फिल्टर असलेला मास्क आणि खेळती हवा हवीच. वन-के जास्त आकसतो आणि हळू वाळतो, म्हणून तो निदान रात्रभर, गारठा असेल तर त्याहून जास्त वाळू द्या. घाईत घासलेला प्रायमर नंतर बसतो आणि खालचे ओरखडे रंगातून वर येतात.

वाळलेल्या प्रायमरवर गाइड कोट द्या. कोरडी काळी पावडर चोळा किंवा वेगळ्या रंगाच्या स्प्रेचा लांबून विरळ फवारा मारा. ३२० नंबर लावलेल्या लांब ब्लॉकने पुन्हा तशाच तिरक्या हातांनी घासा. काळं जिथे उरलं तिथे खड्डा, आणि आजूबाजूचं काळं जायच्या आत जिथे प्रायमर फाटून खालचा थर दिसला तिथे उंचवटा. काळं उरलेली जागा ब्लॉक सोडून बोटाने पुसून टाकू नका. बोटाने काळं जातं, खड्डा राहतो. उथळ खड्ड्याला प्रायमरचा आणखी एक हात पुरतो, खोल असेल तर बारीक पुट्टीचा पातळ थर.

कंगोऱ्यावर प्रायमर सगळ्यात पातळ बसतो आणि सगळ्यात आधी फाटतो. म्हणून सपाट भाग घासताना रेघेवर ३ मिमीची टेप लावून ठेवा. दोन्ही बाजू झाल्या की टेप काढा, तिच्या जागी राहिलेला किंचित उंच पट्टा ५०० नंबर लावलेल्या मऊ पॅडने, रेघेच्या दिशेने, मोजक्या हलक्या हातांनी मिळवून घ्या. रेघेवर आडवा हात मारू नका.

याच वेळी कंगोऱ्याची गोलाई ठरवा. कारखान्यात पत्रा साच्यात दाबून रेघ येते, त्यामुळे ठळक दिसणाऱ्या रेघेलाही लहानशी गोलाई असतेच. पुट्टीने आणलेली रेघ सुरीसारखी धारदार सोडली तर ती शेजारच्या पॅनलवरच्या मूळ रेघेपेक्षा वेगळी दिसते, शिवाय अशा धारेवरून ओला रंग मागे सरतो आणि तिथला थर पातळ पडतो. शेजारच्या पॅनलवरची मूळ रेघ आणि तुमची रेघ यांवरून आळीपाळीने बोट फिरवा, आणि फरक जाणवेनासा होईपर्यंत एकेक हात मारत जा. लांबीभर हातांची संख्या सारखी ठेवा, नाहीतर रेघ एका टोकाला धारदार आणि दुसऱ्याला बोथट होते.

रंगाआधी संपूर्ण प्रायमर ५०० नंबरने, मेटॅलिक रंग असेल तर ६०० ने घासा. पूर्ण वाळलेला टू-के प्रायमर या टप्प्यावर पाण्याने घासला तरी चालतो, मात्र पुट्टी कुठेही उघडी पडलेली नसावी. वन-के मात्र कोरडाच घासा. मग पॅनल पुन्हा ओलं करून दोन्ही टोकांकडून, डोळा रेघेच्या पातळीला आणून पाहा. इथे खटकलेली गोष्ट रंगाखाली जाणार नाही, चकाकीमुळे जास्तच उठून दिसेल. मागे एक पायरी जायची हीच शेवटची स्वस्त संधी.

क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पूर्ण वाळल्यावर पॉलिश करायचं असेल तर मशीन लावण्याआधी रेघेवर पुन्हा एकदा टेप लावा. फिरणारं पॅड कंगोऱ्यावरचा क्लिअर काही सेकंदांत उडवू शकतं. सपाट भाग मशीनने करा, टेप काढा, आणि रेघ हाताने, मऊ कापडाने, लांबीच्या दिशेने पॉलिश करा.